बॅजवर सही कोणाची?

ठाण्यातल्या बहुतेक घरांत मुलाच्या नावाची एक प्लास्टिकची फाइल असते. स्कॉलरशिपचा निकाल, एलिमेंटरी, कराटेचा पिवळा पट्टा, अबॅकस, गीतापठण, आंतरशालेय वक्तृत्व आणि कुठल्याशा शिबिराचा 'सहभागाबद्दल' असे छापलेला चकचकीत कागद. या फाइलमध्ये संग्रहालयाचा कागद जवळपास कधीच नसतो. मूल शाळेबरोबर फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाते, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात दिवस काढते, ऐरोलीला खाडीकाठच्या केंद्रात तिवरांमधून फिरून येते. तिथे त्याच्या मनात जे काही उमटते त्याची नोंद कुठेच होत नाही.

ही उणीव भरायला परदेशातल्या काही संग्रहालयांनी डिजिटल बॅज, म्हणजे फोनवर किंवा संगणकावर मिळणारे चित्ररूप दाखले, आणले. आपल्याकडे दाखले, गुणपत्रिका, क्रेडिट असा सगळा शैक्षणिक कारभार मोबाइलवर येत चालला आहे, त्यामुळे ही कल्पना ठाणे-नवी मुंबईपर्यंत पोचायला फार वेळ लागणार नाही. ती यावी असे मला मनापासून वाटते. पण ज्या रूपात ती सहज येईल त्या रूपात येऊ नये, यासाठी हा लेख.

ते सहज रूप डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. प्रत्येक काचपेटीशेजारी क्यूआर कोड चिकटवला जाईल. दहा कोड स्कॅन केले की फोनवर 'बाल इतिहासकार' असा बॅज येईल. शाळा त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या पालक ग्रुपवर टाकेल. वर्षअखेरीच्या अहवालात इतके हजार बॅज दिले असा आकडा छापला जाईल. आणि मुले? ती एका कोडपासून दुसऱ्या कोडकडे पळत असतील. दोन कोडांच्या मध्ये ठेवलेल्या वस्तूकडे बघायला त्यांना सवड नसेल.

मुळात डिजिटल बॅज ही चांगली विचार करून घडवलेली गोष्ट आहे. २०११ मध्ये मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीने 'ओपन बॅजेस' हा प्रकल्प मांडला. दिसायला ते एक लहानसे चित्र असते, पण त्या चित्राच्या फाइलमध्येच माहिती भरलेली असते: बॅज कोणी दिला, कोणाला दिला, कधी दिला, त्यासाठी काय करून दाखवावे लागते आणि या व्यक्तीने जे करून दाखवले ते कुठे पाहता येईल. बघणाऱ्याला ही माहिती उघडून बॅज खरा की खोटा हे तपासता येते. हे मानक सर्वांना खुले आहे, ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. २०१७ पासून त्याची देखभाल आयएमएस ग्लोबल ही संस्था करते, जिचे नाव आता वनएडटेक असे आहे.

या रचनेतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. बॅज कशासाठी मिळतो तो निकष लिहिणे सक्तीचे आहे. निकष पूर्ण केल्याचा पुरावा जोडणे मात्र ऐच्छिक आहे. म्हणजे 'दहा कोड स्कॅन करणे' हासुद्धा नियमात बसणारा निकष आहे, आणि पुराव्याचा रकाना रिकामा ठेवला तरी बॅज अधिकृतच ठरतो. माझा सगळा आग्रह त्या रिकाम्या रकान्याबद्दल आहे. तो भरलेला असेल तर बॅज उघडणाऱ्याला मुलाचे काम दिसते. तो रिकामा असेल तर फाइलमध्ये आणखी एका 'सहभागाबद्दल'ची भर पडते, एवढेच.

हा रकाना भरायचा कशाने, हा खरा अवघड प्रश्न आहे, कारण संग्रहालयातले शिकणे परीक्षेच्या साच्यात बसत नाही. मी मराठी शाळेत इतिहास शिकवते. येऊरच्या डोंगरापलीकडे, बोरिवलीच्या एक्सर गावात शिलाहार राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, उभ्या आहेत. त्यांवर समुद्रातली लढाई कोरलेली आहे: होड्यांच्या रांगा, वल्ही मारणारे हात, वर स्वर्गात नेला जाणारा वीर. तेराव्या शतकात ठाण्याचे शिलाहार आणि देवगिरीचे यादव यांच्यात जी शेवटची झुंज झाली तिचे हे चित्र असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. मुलांना तिथे नेले की पहिली काही मिनिटे त्यांना फक्त दगड दिसतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो हे सांगितले की डोळे कामाला लागतात. खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला कलश. एकदा आठवीतली एक मुलगी बाकीचे पुढे गेल्यावरही होड्यांशीच थांबली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "बाई, हा दगड जिंकलेल्यांनी लावलाय की हरलेल्यांनी?"

या प्रश्नाला गुण कसे द्यायचे? कुठल्याही प्रश्नपत्रिकेत तो नाही, कुठल्याही क्यूआर कोडमागे नाही. तरीही ती मुलगी त्या क्षणी इतिहास वाचायला शिकली, हे मी खात्रीने सांगू शकते. पुरावा कोण उभा करतो, स्मारक कोणाच्या पैशाने उभे राहते, हरलेल्यांची आठवण कोण ठेवते, हे सगळे त्या एका वाक्यात आहे. अशा शिकण्याला बॅज द्यायचा असेल तर पहिली गरज ही की तो प्रश्न कोणीतरी ऐकलेला असला पाहिजे. यंत्राला तो ऐकू येत नाही. तिने किती वेळ थांबून पाहिले हे फोन मोजेल, काय पाहिले ते त्याला कळणार नाही.

बॅज आणि गुणांचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या डॅलस म्युझियम ऑफ आर्टने केला. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी सर्वसाधारण प्रवेश मोफत केला आणि त्याचबरोबर 'फ्रेंड्स' नावाची मोफत सदस्यता सुरू केली. दालनात फिरताना, कार्यक्रमाला बसताना फोनवरून संकेतांक पाठवायचा. त्यावर गुण आणि बॅज मिळायचे. गुण साठले की मोफत पार्किंगसारख्या सवलती घ्यायच्या. त्याचा एक फायदा मी नाकारत नाही. शहराच्या कोणत्या भागातून माणसे येतात आणि कोणत्या भागातून येत नाहीत, हे संग्रहालयाला पहिल्यांदाच नीट दिसू लागले. कोणत्याही सार्वजनिक संस्थेला हे ठाऊक असायलाच हवे. पण ही माहिती येण्या-जाण्याची आहे. पार्किंग मोफत मिळालेल्या माणसाने चित्रासमोर उभे राहून काय केले, याबद्दल ती काही बोलत नाही. येण्याची नोंद ठेवावी, जरूर ठेवावी, पण तिला शिकण्याचे नाव देऊ नये.

बक्षिसाने शिकण्याचे काय होते यावर मानसशास्त्रात एक जुना प्रयोग आहे आणि तो नेमका प्रमाणपत्राचाच आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने रंगवायची मनापासून आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर, काही न सांगता तेच प्रमाणपत्र दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. नंतरच्या दिवसांत वर्गात स्केचपेन ठेवले आणि मुले आपणहून किती वेळ रंगवतात ते पाहिले. ज्यांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिले होते ती मुले बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ रंगवत बसली. न सांगता मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ती मुले आधीपासून आवड असलेली होती. आपल्या संग्रहालयांत तर अशी शेकडो मुले येतात ज्यांना जुन्या दगडांचे काही वाटत नाही, मग आमिष दाखवून त्यांना आत आणले तर काय बिघडले? काही बिघडले नाही. आमिष खुशाल दाखवा, पण दाराबाहेर. तिकीट माफ करा, एसटीचे किंवा परिवहनच्या बसचे भाडे द्या, आत आल्यावर वडापाव द्या. कळवा, मुंब्रा, दिघा इथल्या महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना तर हे मिळायलाच हवे. बॅजचे काम वेगळे आहे. अमुक व्यक्तीला अमुक गोष्ट येते, असे तो सांगतो. ज्या कागदाने साक्ष द्यायची, त्यालाच आमिष म्हणून लटकवले तर त्याच्या साक्षीला काही किंमत उरत नाही.

महाराष्ट्राला हे शिकायला स्टॅनफर्डपर्यंत जावे लागत नाही. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, आपल्या तीन-चार पिढ्यांच्या ओळखीच्या आहेत. चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला शाळेबाहेरची एक कसोटी मिळावी, हा त्यांचा हेतू उत्तम होता आणि गावोगावच्या कलाशिक्षकांनी त्यासाठी मेहनत घेतली आहे. पुढे इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागले. परीक्षेला बसणारी मुले वाढली, क्लास वाढले, स्थिरचित्राचा घडा आणि त्याची सावली पाठ करून घेणारे वर्ग निघाले. श्रेणी हातात पडली की रंगपेटी माळ्यावर गेली, असे मी माझ्याच वर्गात कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गुणांनी जे करायला सांगितले ते त्यांनी केले.

सहलीची सूचना दिली की पालकसभेत एक आई हमखास विचारते, "बाई, याचे मार्क धरतात का?" मला या प्रश्नाचा राग येत नाही. अकरावीचा प्रवेश टक्क्याच्या अपूर्णांकावर ठरत असेल तर तिने दुसरे काय विचारावे? पण या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे देण्याचा मोह आता धोरणातूनच वाढणार आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला १ क्रेडिट असे सूत्र आहे, वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट. वर्गाबाहेरचे शिक्षणही त्यात धरता येते. हे सगळे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या डिजिटल खात्यात, साठवायचे आणि डिजिलॉकरमध्ये ठेवायचे, अशी व्यवस्था तयार आहे. संग्रहालयाचा बॅज तिथे जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तो जोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे, निदान शालेय वयात तरी. ज्या दिवशी संग्रहालयाच्या तासांना क्रेडिट मिळेल त्या दिवसापासून त्या तासांचे क्लास निघतील, आणि वीरगळापुढे थांबलेल्या मुलीला कोणीतरी हात धरून पुढे नेईल, कारण तिचे तास भरायचे असतील. आराखड्यातच लिहिले आहे की मूल्यमापन झाल्याशिवाय क्रेडिट द्यायचे नाही. ही अट चांगली आहे, पण घाईच्या कारभारात पहिला बळी अशाच अटींचा जातो.

मग गुण नाहीत, सवलत नाही, आमिष नाही, तर असा बॅज हवा कोणाला?

मला पहिल्यांदा आठवतो तो ऐरोलीजवळच्या कोळीवाड्यातला तरुण. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पर्यटक बोटीने पक्षी पाहायला जातात. या खाडीत वाढलेल्या मुलाला उधाणाची भरती आणि भांगाची भरती यातला फरक पंचांग न उघडता कळतो. ओहोटीला चिखलाचा कोणता पट्टा आधी उघडा पडतो, पक्षी कुठे उतरतील, तिवरांत चिंबोरीची बिळे कुठे असतात, पूर्वी जिताडा कुठे लागायचा आणि आता का लागत नाही, हे सगळे तो सांगू शकतो. त्याच्याकडे यातल्या कशाचाही कागद नाही. दहावी कशीबशी झालेली असते. उद्या पक्षीगणनेला मदतनीस हवा असला, मार्गदर्शक नेमायचा असला, तर अर्जातला 'पात्रता' हा रकाना त्याला दारातच अडवतो. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या मुलाच्या जाडजूड फाइलमध्ये बॅजने भर पडते एवढेच. या तरुणाच्या आयुष्यात मात्र त्याने फरक पडू शकतो. त्याने एका हंगामात पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, केंद्रातल्या जाणकाराने त्या स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि 'या व्यक्तीच्या नोंदी भरवशाच्या आहेत' असे नाव घालून लिहिले, तर त्या लिहिण्याला वजन येते. त्या नोंदी बॅज उघडणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतात. अशा बॅजला गुणांचा आधार लागत नाही.

दुसरी आठवते ती मिठागरात राबलेली आजी. नवी मुंबई उभी राहिली ती ९५ गावांच्या जमिनीवर. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, शेते आणि मिठागरे संपादित झाली, आणि १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या संघर्षातून आली. ज्यांनी हे पाहिले ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वाशी-नेरुळ-बेलापूरच्या इमारतींत वाढणाऱ्या मुलांना आपल्या सोसायटीच्या खाली पूर्वी काय होते याची कल्पना नसते. आठवीतल्या मुलाने अशा एका आजीशी बोलून मिठाच्या वाफ्यांची नावे, पाणी आत घेण्याची रीत, मजुरीचे दर, पावसाळ्याआधीची घाई हे सगळे ध्वनिमुद्रित केले आणि लिहून काढले, तर ते संग्रहालयाच्या कामाचे साहित्य होते. त्याला संग्रहालयाच्या नोंदवहीत क्रमांक मिळाला पाहिजे. बॅजच्या पुराव्याच्या रकान्यात तोच क्रमांक जावा. त्या आजीच्या नावानेही एक बॅज निघाला पाहिजे, कारण ज्ञान तिचे आहे, मुलाने ते उतरवून घेतले.

हा नोंद क्रमांकाचा आग्रह मी मुद्दाम धरते. आज सहलीनंतर मुलांकडून निबंध लिहून घेतले जातात, ते तपासले जातात आणि रद्दीत जातात. मुलांना हे पक्के ठाऊक असते, म्हणून निबंधही तसेच येतात. आपले काम संस्था ठेवून घेणार आहे, पुढच्या वर्षी येणारे कोणीतरी ते वाचणार आहे, हे कळले की लिहिण्याची जात बदलते. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा शिलालेख आहे. तिथल्या बाह्य भिंतींवरची शिल्पे दर पावसाळ्यात झिजत असतात. आज आठवीतल्या मुलांनी ठरावीक कोनांतून काळजीपूर्वक काढलेली छायाचित्रे आणि रेखाटने वीस वर्षांनी संशोधकाला उपयोगी पडू शकतात. सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षात दहा दिवस दप्तराविना शाळा, अशी तरतूद राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. त्या दिवसांत शाळेच्या सभागृहात कागदाची फुले करण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे.

बॅज मिळाल्यावर पुढे काय, याचाही विचार आधी झाला पाहिजे. माझ्या मते बॅजने पुढच्या कामाची परवानगी मिळावी. प्रेक्षकांना बंद असलेले कोठार तज्ज्ञांबरोबर पाहता यावे, पक्षीगणनेच्या बोटीत एक जागा मिळावी, लहान मुलांच्या गटाला दालन दाखवण्याची जबाबदारी मिळावी. ज्याला आवड आहे त्याला यापेक्षा मोठे बक्षीस नसते. ज्याला नाही त्याला या बक्षिसाचा मोह होत नाही, त्यामुळे ढोंग करून बॅज मिळवण्यात कोणाला रस उरत नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. तिचेही क्लास निघाले, तरी स्वतः केलेल्या प्रकल्पाबद्दल परीक्षकासमोर बसून बोलावे लागते, तिथे घोकलेले फार वेळ टिकत नाही. संग्रहालयाने तिथली स्पर्धा बाजूला ठेवावी आणि समोरासमोर बसून बोलणे तेवढे घ्यावे.

निकष लपवावेत असे मात्र मी म्हणत नाही. मघाशी सांगितलेल्या प्रयोगावरून कोणी तसा अर्थ काढू नये. काय केले म्हणजे बॅज मिळतो, हे बॅजमध्ये लिहिलेले असतेच आणि विचारेल त्याला ते सांगावे. फक्त दारावरची पाटी कामाची असावी: 'या खाडीतल्या पक्ष्यांची नोंद ठेवायला माणसे हवी आहेत.' काम अपुरे राहिले तर नापासाचा शिक्का नको. काय राहिले ते लिहून वही परत द्यावी आणि पुन्हा आणायला सांगावे. कोणाची वही तीनदा परत गेली तरी हरकत नाही.

आता 'डिजिटल' या भागाबद्दल. मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मानतो. त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला कायदा मनाई करतो. शैक्षणिक संस्थांना काही सवलती आहेत, पण संग्रहालयाने त्या सवलतींचा आधार शोधत बसू नये. मूल कोणत्या दालनात किती मिनिटे थांबले, हे साठवायचे कारणच नाही. शिवाय फोनचा प्रश्न आहे. माझ्या वर्गातल्या अनेक घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर रबाळे किंवा महापे एमआयडीसीत जातो. म्हणून काम वहीत व्हावे, नोंद संस्थेच्या संगणकावर व्हावी आणि बॅज मुलाला हवा तेव्हा, पालकांच्या संमतीने काढता यावा. शाळेत फोन आणा असे सांगून सुरू होणारा उपक्रम पहिल्याच दिवशी अर्धा वर्ग बाहेर ठेवतो.

टिकण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. बॅज खरा आहे हे तपासण्यासाठी बऱ्याचदा तो देणाऱ्या संस्थेचे संकेतस्थळ चालू असावे लागते. ज्या मोझिलाने ही कल्पना जन्माला घातली, तिनेच बॅज साठवण्याची आपली 'बॅकपॅक' सेवा काही वर्षांत आवरती घेतली आणि लोकांचे बॅज दुसऱ्या सेवेकडे गेले. आपल्याकडे तर कंत्राट संपले की संकेतस्थळ बंद पडणे नेहमीचे आहे. ठाण्याला या बाबतीत आपलाच एक धडा आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. दान कोणी दिले, कोणाला दिले, कधी दिले, काय दिले, हे सगळे त्यात कोरलेले होते. साडेसातशेहून जास्त वर्षे मातीखाली राहूनही तो वाचता आला आणि लगेचच 'एशियाटिक रिसर्चेस' या संशोधनपत्रिकेच्या पहिल्या खंडात छापलाही गेला. दिलेल्या गोष्टीची नोंद टिकावी यासाठी त्या लोकांनी जेवढी काळजी घेतली, तिचा निदान काही भाग आपण घ्यायला हवा. प्रत्येक बॅजची नोंद शाईने, बांधलेल्या वहीत व्हावी आणि तिची प्रत संग्रहालयाबाहेरच्या एखाद्या जुन्या, भरवशाच्या संस्थेत राहावी. १८९३ पासून चालू असलेले ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय यासाठी मला योग्य वाटते. संगणकाची सेवा बंद पडली तरी त्या वहीवरून बॅज पुन्हा काढता येतील.

या सगळ्याला पैसे कुठून येणार, असे कोणीही विचारेल. मानक मोफत आहे, ते चालवणारे साधे सॉफ्टवेअरही महाग नाही. महाग आहे तो वह्या वाचणारा, मुलांशी बोलणारा, खाडीत किंवा मंदिरात त्यांच्याबरोबर उभा राहणारा माणूस. मोठ्या संग्रहालयांत शिक्षण अधिकारी हे पद असते. लहान केंद्रांत ते बहुधा नसते, आणि तिथे सफाई, सुरक्षा, तिकीट यांच्यापलीकडे पद मागितले की भुवया उंचावतात. म्हणून अशा योजनांत पैसा उपकरणांवर जातो: टचस्क्रीन, किऑस्क, अ‍ॅप. त्यांचे उद्‍घाटन करता येते. वही वाचणाऱ्याचे उद्‍घाटन होत नाही.

बॅजची संख्या कमी राहील हेही आधीच मान्य करावे. एक जाणता माणूस हंगामात थोड्याच मुलांच्या वह्या मन लावून वाचू शकतो. अहवालात हजारोंचा आकडा हवा असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही, आणि त्या आकड्यासाठी ती सैल करण्यापेक्षा सुरूच केली नाही तरी चालेल.

सुरुवात ऐरोलीहून करावी असे मला वाटते. तिथे पक्ष्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असा ठरलेला आहे, केंद्र उभे आहे, खाडी जाणणारी माणसे शेजारच्या कोळीवाड्यांत आहेत आणि ठाणे-ऐरोली-दिघ्याच्या शाळा जवळ आहेत. पहिल्या हंगामात वीस-पंचवीस वह्या आल्या तरी पुरे. त्या वाचायला दोन माणसे मानधनावर नेमावीत, एक निवृत्त शिक्षक आणि एक खाडीतला जाणकार, आणि बॅज देणारा म्हणून संस्थेच्या नावाखाली या दोघांचीही नावे यावीत.